लोह उतरल्यावर

तांबुनान,
७ जून २०१५

आका,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. तुझा सिंगापूरचा पत्ता इनाच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात मिळाला. आई असून ती आपल्या दोघी बहिणींच्या मध्ये पडायला घाबरते. तुझं नाव काढलं की उठते आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जाते. कोंबड्या फार लठ्ठ झाल्या आहेत.

भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. गेल्या वर्षी कामातानच्या, सुगीच्या सणाला सगळे जेवायला बसलेले असताना मी तुला विचारलं होतं, "पोट का पाडलंस? बाळ माझ्यासारखं होतं, एवढंच ना?" तू ताटावरून उठलीस, तुझ्या नवऱ्याने, मार्विनने गाडी काढली आणि तुम्ही गेलात. तो प्रश्न मी मागे घेत नाही. तुझ्या जागी असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण माझ्या जागी मीच आहे ना.

लिहायचं कारण दुसरंच आहे. भाताच्या लावणीला मी इनाबरोबर शेतात गेले होते आणि बांधावरच बसून राहिले. दम लागला. इनाला वाटलं रक्त उतरलंय, पण रक्त तर चारच दिवसांपूर्वी चढवलं होतं. मग केकेला, कोटा किनाबालूच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर यीप अजून तशाच आहेत, केस पिकलेत फक्त.

"एमेल्डा, जिना चढताना थांबावं लागतं?"

"आमच्याकडे जिना नाही, डॉक्टर. बांध आहे."

"मग बांध चढताना?"

"थांबते. इनाने मागे वळून बघायच्या आत परत चालायला लागते."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एमआरआयला पाठवलं.

या थॅलेसेमियामुळे जन्मापासून दर तीन आठवड्यांनी मी दुसऱ्यांचं रक्त घेते आहे. त्यातलं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. ते यकृतात साठतं हेही माहीत आहे. आता ते हृदयात जाऊन बसलं आहे का, ते या यंत्रात कळतं. कापत नाहीत, टोचतसुद्धा नाहीत. एका मोठ्या चुंबकाच्या नळीत आडवं करतात, कानात तंत्रज्ञाचा आवाज येतो. श्वास घ्या, सोडा, थांबा. मग कोणी पत्र्याच्या छपरावर हातोडा मारल्यासारखा आवाज सुरू होतो, आणि थांबतो, आणि पुन्हा श्वास घ्या. मला थंडी वाजत होती आणि नाक खाजत होतं. दुसरं काही मनात आलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. चुंबकाने हृदयाच्या स्नायूला चेतवलं की त्यातून एक सूर निघतो आणि विझतो. लोह जेवढं जास्त, तेवढा तो लवकर विझतो. किती वेळ टिकला ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. वीसच्या वर असेल तर निर्धास्त राहायचं. दहाच्या खाली धोका.

माझा सात आहे.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर रक्त घ्यायला बोनिफेस असतो. पेनांपांगचा, वयाने माझ्याहून मोठा, जिभेला हाड नाही. त्याला आकडा सांगितला तर म्हणाला, "बरंय की! तुझं काळीज भंगारवाल्याला विकता येईल. माझं नऊ आहे, मला कोण घेणार?"

एवढंच सांगायचं होतं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझी अदी,
एमेल्डा


तांबुनान,
१३ डिसेंबर २०१५

आका,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मी दचकले असते.

आता रोज पोटात बारीक सुई खुपसून झोपते. कमरेला एक छोटा पंप असतो, तो हळूहळू औषध सोडत राहतो. औषध लोहाला धरतं आणि लघवीतून बाहेर काढतं. दिवसा गोळ्या आहेत त्या वेगळ्या. लघवी लालसर होते. इनाला आधी वाटलं रक्त जातंय. आता मी बाहेर आले की विचारते, "लाल होती?" मी हो म्हटलं की तिचा चेहरा असा होतो, जसं कोणी तिला शाबासकी दिली.

लहान असताना मी हाच पंप उपटून टाकायचे आणि तू माझे दोन्ही हात धरून बसायचीस. आठवतं? इना रडायची, आमा, बाप असून, बाहेर जाऊन विडी ओढायचे. तू रडायची नाहीस. "अदी, मोज, शंभरपर्यंत मोज," म्हणायचीस. पंप दहा तास चालायचा. शंभराने काय होणार होतं?

बोनिफेस गेला.

तो पंप लावायचाच नाही, मला सांगून लावायचा नाही. म्हणायचा, "दिवसभर रुग्ण असतो, झोपेत तरी माणूस असू दे." एका सकाळी हृदयाचा ताल बिघडला आणि दुपारी संपलं. पेनांपांगला मातीला गेले होते. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या कमरेला हात लावून पंप आहे का ते चाचपलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आता एक शाळकरी मुलगी बसते. सारखी फोन बघते.

एमेल्डा


तांबुनान,
२१ ऑगस्ट २०१६

आका,

अकरा!

परवा पुन्हा नळीत गेले होते. सातावरून अकरा. डॉक्टर यीपनी पडद्यावर दाखवलं. मागच्या चित्रात माझं हृदय कोळशाच्या तुकड्यासारखं काळं होतं, या वेळी राखाडी आहे. लोह असलं की काळं दिसतं. त्या म्हणाल्या, "असंच चालू ठेव. लोह धुऊन निघतं, हे या आजारातलं एकच चांगलं आहे." आणि बाईंनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. तुला माहीत आहे त्या कशा आहेत. हात सॅनिटायझरने धुतल्याशिवाय कोणाला शिवत नाहीत.

केकेहून घाट चढताना व्हॅनमध्ये मी गाणं म्हणत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, उलटी येणार असेल तर आधी सांगा." इनाने सगळ्यात लठ्ठ कोंबडी कापली. आलं घालून, लिहिंग, आपली तांदळाची दारू, ओतून केली. मी दोनदा वाढून घेतलं.

आणि तुझं पार्सल मिळालं. निळा स्वेटर आणि ती लोण्याची बिस्किटं. आत चिठ्ठी नव्हती. मी डबा उलटा करून झटकला, स्वेटरच्या बाहीत हात घालून बघितलं. नव्हती. असू दे. स्वेटर मापाचा आहे. एवढ्या वर्षांत मी वाढले नाही हे तुझ्या लक्षात आहे तर.

मी नोकरीला लागले आहे. गावातल्या बालवाडीत, सकाळचे चार तास. मुलं विचारतात, "टीचर, तुम्ही पिवळ्या का?" मी सांगते, आंबे खाऊन.

आका, मला वाटायला लागलंय की जमेल. हे तुलाच सांगते आहे. इनाला सांगितलं तर ती लगेच नवस बोलेल.

तुझी अदी


कोटा किनाबालू,
९ फेब्रुवारी २०१८

आका,

वॉर्डातून लिहिते आहे. घाबरू नकोस, रक्त चढवताना वेळ असतो म्हणून.

गेल्या आठवड्यात आकडा अठरा आला. वीसला टेकला म्हण. मी खुर्चीत बसले तीच हसत. डॉक्टर यीप दाराकडे तोंड करून काहीतरी शोधत होत्या. दारावर शोधण्यासारखं काही नसतं.

"अठरा म्हणजे चांगलं ना, डॉक्टर?"

"लोहाच्या बाबतीत फार चांगलं."

"आणि कशाच्या बाबतीत नाही?"

मग त्या बसल्या. लोह उतरत होतं, तरी माझे पाय सुजत होते आणि दम कमी होत नव्हता. म्हणून या वेळी त्यांनी नळीत असतानाच शिरेतून एक रंगद्रव्य दिलं होतं. ते आधी कधी दिलं नव्हतं, लोह मोजायला ते लागत नाही. ते द्रव्य हृदयात जातं. स्नायू धड असेल तर थोड्या वेळात त्यातून निघून जातं. जिथे स्नायू मरून व्रण झालेला असतो तिथे अडकून बसतं आणि चित्रात पांढरं चमकतं. ते किती ठिकाणी, किती अडकलं यावरून सांगता येतं की हृदयात स्नायू किती उरला आहे आणि नुसता भराव किती.

त्यांनी चित्र दाखवलं. मी म्हटलं, "छान पांढरं आहे."

"एमेल्डा."

"हे धुता येतं?"

"नाही."

"पंप वाढवला तर? दिवसाही लावते. बालवाडीत लावून जाते."

"पंप लोह काढतो. इथे आता लोह नाहीये. लोह होतं तेव्हा त्याने जे केलं, ते हे आहे. सुजेवर गोळ्या देऊ, ताल बिघडू नये म्हणून देऊ. पण तिथे पुन्हा स्नायू येणार नाही."

"दुसरं हृदय?"

त्यांनी मान हलवली. यकृताचं सांगितलं, इतक्या वर्षांत इतक्या लोकांचं रक्त घेतलंय त्याचं सांगितलं. माझ्यासारख्यांची नावं त्या यादीत लागत नाहीत.

"मग मी केलं ते फुकट गेलं?"

"नाही. केलं नसतं तर दोन वर्षांपूर्वीच गेली असतीस."

मी बोनिफेसचा विचार करत होते. तो हे ऐकून काय म्हणाला असता ते मला नीट ठाऊक आहे, पण लिहिवत नाही.

इना बाहेर बाकावर होती. "किती आला?" मी म्हटलं, "अठरा." तिने क्रूस काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. आता ती गावात सांगत फिरते आहे. तू तिला काही बोलू नकोस.

एमेल्डा


तांबुनान,
१७ एप्रिल २०१८

आका,

काल चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला. इनाने फोन माझ्या हातात दिला आणि ती कोंबड्यांकडे गेली.

तुला वाटत असेल मी गप्प का झाले. तू म्हणालीस, "अदी, पुन्हा दिवस गेलेत. आणि पुन्हा तेच आलंय चाचणीत. दोन आठवड्यांत ठरवा म्हणतात. मार्विन म्हणतो, तू म्हणशील तसं. मी कोणाला विचारू? तूच सांग." मी म्हटलं, "लिहिते." तू ओरडलीस, "लिहितेस काय? अगं, फोन हातात आहे ना तुझ्या!" मी म्हटलं, "लिहिते म्हटलं ना."

बोलताना मी खोटं बोलले असते, म्हणून. हे जलद टपालाने टाकते आहे, वेळेत पोचेल.

नको ठेवूस.

तुमच्या दोघांच्याही रक्तात तो अर्धा दोष आहे, तुमची त्यात काही चूक नाही. इना आणि आमांचीही नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं. तुला माहीत आहे, एवढाच फरक.

तुला वाटेल तिकडे सिंगापूरला चांगली औषधं आहेत. असतील. मीही सगळं केलं. एक दिवस पंप चुकवला नाही, गोळी चुकवली नाही, यंत्राने सांगितलेला आकडा मी वर चढवून दाखवला. आणि मग त्याच यंत्राने दाखवलं की आत काय उरलंय. हे तू एका बाळाला समजावून सांगशील? शंभरपर्यंत मोज, म्हणशील?

इनाकडे बघ. आमांच्या मातीलासुद्धा ती पूर्ण वेळ थांबू शकली नाही, त्या दिवशी माझं रक्त होतं. तिने आयुष्यात केकेच्या त्या वॉर्डापलीकडे काही बघितलं नाही. तिला ठाऊक नाही की मी तिच्या आधी जाणार आहे. तिला वाटतं आपण जिंकलो.

मी थकले आहे, आका. आज अंथरुणावरून उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन पडले. हे कोणाच्या वाट्याला देऊ नकोस.

तू मागच्या वेळी जे केलंस ते बरोबर होतं.

एमेल्डा


तांबुनान,
२६ एप्रिल २०१८

आका,

ते पत्र फाडून टाक.

सकाळपासून फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. म्हणून इथे तामूत, भाजीच्या बाजारातच, एका खोक्यावर बसून लिहिते आहे. आजच्या आज जलद टपालाने टाकेन.

परवा मला दोन पिशव्या रक्त चढवलं. ते पत्र लिहिलं तेव्हा रक्त पार उतरलेलं होतं. तुला माहीत नाही ते कसं असतं. तुला म्हणजे कोणालाच. रक्त उतरलं की सगळं जग ओल्या पोत्यासारखं जड होतं, माणसांचे आवाजसुद्धा वजनदार होतात. आणि मग रक्त चढतं, आणि दोन दिवसांनी सकाळी जाग येते तेव्हा भूक लागलेली असते. अशी भूक तुम्हा धडधाकट माणसांना आयुष्यात लागत नाही. आज उठल्यावर मला स्वयंपाकघरातल्या तुहाऊच्या लोणच्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी इनाला म्हटलं, चल बाजारात. हळूहळू चालत आले, तीनदा बसले, पण आले.

लोणचं विकणारी ती दात पडलेली आंटी आठवते? म्हणते कशी, "अगं, परवापर्यंत वाळक्या बांबूसारखी होतीस. आज गाल बघ! कोण भेटला?"

"दोन भेटले, आंटी. दोन्ही पिशवीत होते."

ती एवढी हसली की तिची बरणी कलंडली. मीही हसले, छाती दुखेपर्यंत. समोर डोंगरावर ढग उतरत होते, कोणाच्या तरी म्हशीने कोणाची तरी केळी खाल्ली म्हणून भांडण चाललं होतं, माझ्या हातात गरम भजं होतं. आणि मला एकदम वाटलं, हे मला हवं होतं. सगळं. सुई धरूनसुद्धा. मला कोणी आधी विचारलं असतं, बाई, इतकं इतकं दुखणार आहे आणि इतक्या लवकर संपणार आहे, येतेस का? मी आले असते. धावत आले असते.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. पण माझ्या नावावर ठरवू नकोस. ते पत्र मी नाही लिहिलं, माझ्या उतरलेल्या रक्ताने

*

संध्याकाळ झाली. बाजारातच मार्विनचा फोन आला, म्हणून वरचं वाक्य अर्धं राहिलं.

तो म्हणाला, "एमेल्डा, काल झालं. ती बरी आहे, झोपली आहे." तो म्हणाला, "तुझं पत्र आलं नसतं तर तिला जमलं नसतं. ती आठवडाभर जेवत नव्हती. तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, अदीच सांगतेय ना, मग मी वाईट नाही." मग म्हणाला, "थँक यू." तो रडत होता बहुतेक. मी म्हटलं, "तिला आल्याचं गरम काहीतरी दे."

इना विचारते, कोणाचा फोन? मी म्हटलं, बालवाडीतून.

तिने तुझ्या बाळंतपणासाठी म्हणून लिहिंगचा एक मोठा बुधला भरून ठेवला होता. चाचणीचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आता काय सांगायचं ते मार्विन सांगेल.

हे पत्र मी टाकणार नाही.


कोटा किनाबालू,
३ जुलै २०१८

आका,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. इनाने वॉर्डात आणून दिलं, आणि मी वाचून होईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. इथे कोंबड्या नाहीत ना.

अक्षर वाईट येतं आहे, हाताला नळी आहे. गेल्या आठवड्यात छातीत पाणी भरलं, म्हणून ठेवून घेतलं आहे. उपडं किंवा आडवं झोपता येत नाही, बसूनच झोपते. डॉक्टर यीप रोज सकाळी येतात आणि पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघतात. पडतो. काल त्यांनी इनाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. इना परत आली, माझे केस विंचरले, वेणी घातली. मग ती सोडली आणि पुन्हा घातली. मी म्हटलं, "इना, पुरे." ती म्हणाली, "सैल झाली होती."

मला चिडवायला आता कोणी नाही, म्हणून मीच स्वतःला चिडवते. हृदयात लोह नाही म्हणून भंगारातसुद्धा भाव येणार नाही.

तू लिहिलंस, "एकच विचारते आणि पुन्हा कधी विचारणार नाही. नको ठेवूस असं लिहिलंस, ते मनापासून लिहिलंस ना? का माझी सुटका व्हावी म्हणून? मला रोज वाटतं की तू काहीतरी दुसरं म्हणणार होतीस."

तुला शंका येणारच. लहानपणापासून माझ्या तोंडाकडे बघून सांगायचीस, खोटं बोलतेस म्हणून. आता तोंड दिसत नाही, तर अक्षर बघ. वाकडं आहे, पण कापत नाहीये.

मी पूर्ण विचार करून लिहिलं होतं. त्या दिवशी मला काही होत नव्हतं, अगदी ठणठणीत होते, बाजारात जाऊन आले होते. मी माझ्या आयुष्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघितलं आणि मला दिसलं की एवढा त्रास सोसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या कोणाला त्यात ओढण्यासारखं तर नव्हतंच. कामातानला सगळ्यांसमोर मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला मिळालं आहे. तू दोन्ही वेळा बरोबर केलंस.

जेव. मार्विनशी भांडू नकोस, तो भला माणूस आहे. जमलं तर ये, पण घाई करून नको. मी तोवर असले नसले तरी इनाकडे ये, तिच्याजवळ बैस, ती वाढेल ते खा.

आणि ते मनातून काढून टाक. दुसरं काही मी म्हणणार नव्हते. कधीच नव्हते.

तुझी अदी,
एमेल्डा